पाणी कुठे मुरत होतं: सहा दिवसांत संपलेल्या एका सेलचं प्रकरण

सहाव्या दिवशी सकाळी कुंडीतून येणारे आकडे थांबले. माझ्या हिशेबाने ते साडेसात महिन्यांनी थांबायला हवे होते.

उपकरण साधंच होतं. मातीत खोवलेली ओलावा मोजणारी एक पट्टी, तिला जोडलेला वायफायचा स्वस्त बोर्ड आणि या दोघांना पोसणारा १८६५० मापाचा लिथियम-आयन सेल. बोर्डाने दर पंधरा मिनिटांनी जागं व्हायचं, ओलावा मोजायचा, आकडा घरातल्या संगणकाकडे धाडायचा आणि पुन्हा झोपी जायचं. हौशी इलेक्ट्रॉनिक्समध्ये पडलेला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी असलं काहीतरी बनवतो. जवळजवळ प्रत्येकाचा सेल असाच संपतो, हे मला नंतर कळलं.

कागदावरचा हिशेब

बोर्ड नोडएमसीयू धाटणीचा होता, म्हणजे त्यावर ईएसपी८२६६ ही चिप. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१४ मध्ये ईएसपी-०१ नावाच्या नखाएवढ्या मॉड्यूलवर हौशी लोकांच्या हाती आली. त्याआधी आर्डुइनोला, म्हणजे हौशी लोकांच्या लाडक्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाला, वायफाय जोडायचं तर जोडबोर्ड मूळ बोर्डापेक्षा महाग पडायचा. या चिपने ते चित्र पार उलटं केलं. वायफाय आणि प्रोग्रॅम चालवणारा प्रोसेसर एकाच तुकड्यात, वर किंमत नगण्य. पुढे आर्डुइनोच्याच पद्धतीने तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिता येऊ लागले आणि मग ती सगळीकडे दिसायला लागली.

डेटाशीट, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक, सांगतं की गाढ झोपेत, म्हणजे डीप स्लीपमध्ये, ही चिप सुमारे २० मायक्रोअँप खाते. वायफाय चालू असताना संदेश घेताना पन्नास-साठ मिलीअँप, पाठवताना १७० पर्यंत. मी जागेपणाची सरासरी ८० मिलीअँप धरली. एका फेरीत पाच सेकंद जाग, म्हणजे ४०० मिलीअँप-सेकंद. ते ९०० सेकंदांवर पसरले की सरासरी ०.४४ मिलीअँप. त्यात झोपेचे ०.०२ मिळवले की ०.४६. सेल २५०० मिलीअँप-तासांचा. भागाकार केला तर ५,४०० तासांच्या वर, म्हणजे सव्वादोनशे दिवस.

हिशेबात गणिताची चूक नव्हती. तो वेगळ्याच उपकरणाचा होता, एवढंच.

प्रत्यक्ष जोडणी अशी होती: सेलचे ३.७ व्होल्ट एका छोट्या बूस्टर मॉड्यूलने ५ व्होल्टांवर चढवले, ते बोर्डाच्या विन पिनला, म्हणजे वीज आत घेणाऱ्या पिनला, दिले, बोर्डावरच्या रेग्युलेटरने ते पुन्हा ३.३ व्होल्टांवर उतरवले. आधी चढवायचं, मग उतरवायचं. आज हे लिहितानाही हसू येतं. पण बोर्डावर ‘५ व्होल्ट द्या’ असं छापलेलं होतं आणि मी आज्ञाधारक.

चोर सोडून संन्याशाला फाशी

पहिला संशय सेलवर गेला. सेलवर छापलेली क्षमता आणि आतली खरी क्षमता यांत तफावत असू शकते, हे सगळेच ऐकून असतात. म्हणून दुसरा सेल घातला, खात्रीचा, चार्जरवर क्षमता मोजून घेतलेला. तोही साडेपाच दिवसांत गेला.

दुसरा संशय प्रोग्रॅमवर. बोर्ड झोपतच नसेल. ईएसपी८२६६ ला झोपेतून उठवायला जीपीआयओ१६ ही पिन (बोर्डावर तिचं नाव डी०) रीसेट पिनला जोडावी लागते. वेळ संपली की ती पिन खाली जाते आणि चिप स्वतःलाच रीसेट करते. ती तार मी जोडली होती. पण ती थेट जोडलेली असली की काही बोर्डांवर नवा प्रोग्रॅम चढत नाही, म्हणून मी ती सारखी काढत-घालत होतो. एखाद्या वेळी राहून गेली असेल, असं वाटलं. पण ती राहिली असती तर बोर्ड एकदा झोपल्यावर उठलाच नसता आणि आकडे पहिल्याच फेरीनंतर थांबले असते. माझे आकडे तर पाच दिवस बिनचूक येत होते. (त्या तारेच्या जागी ४७० ओहमचा रेझिस्टर घातला की काढ-घाल करावी लागत नाही. हे आधी माहीत असतं तर बराच वैताग वाचला असता.)

या दोन संशयांत दोन आठवडे गेले. खरं तर मीटरला हातही न लावता एक भागाकार करता आला असता. २५०० मिलीअँप-तासांचा सेल साधारण १३० तासांत संपला. म्हणजे सरासरी १९ मिलीअँप. बोर्ड अजिबात झोपत नसता तर बूस्टरमधून सेलवर सव्वाशेच्या आसपास ओढ पडली असती आणि सेल एका दिवसात आटोपला असता. बोर्ड ठरल्याप्रमाणे झोपत असता तर महिने टिकला असता. १९ ही संख्या या दोन्हींत बसत नाही. ती सरळ सांगत होती की चिप झोपते आहे, पण तिच्या शेजारी कुणीतरी रात्रंदिवस जागं आहे.

मीटर लावल्यावर

मल्टिमीटर सेलच्या धन टोकाशी मालिकेत लावला, मिलीअँपच्या रेंजवर. झोपेत असताना १८.५ मिलीअँप. डेटाशीटमधल्या वीस मायक्रोअँपच्या नऊशे पटींहून जास्त.

मग एकेक गोष्ट काढत गेलो. ही पद्धत गावठी असली तरी तिच्याइतकं खरं बोलणारं काही नाही.

ओलाव्याच्या पट्टीची वीज तोडली, आकडा १०.८ वर आला. पट्टी स्वतः सुमारे ५ मिलीअँप घेते, पण बूस्टरच्या पलीकडचा प्रत्येक मिलीअँप सेलला दीडपटीने महाग पडतो. ५ व्होल्टांवर जे घेतलं ते ३.७ व्होल्टांवरून आणायचं, शिवाय बूस्टर दहा-बारा टक्के आपल्या खिशात टाकतो. त्यामुळे पाचाचे पावणेआठ झाले. ही पट्टी मी थेट बोर्डाच्या ३.३ व्होल्टांना जोडली होती, म्हणजे पंधरा मिनिटांतल्या एका सेकंदाच्या कामासाठी ती बाकीची चौदा मिनिटं एकोणसाठ सेकंदही माती मोजत बसली होती. हा दोष बोर्डाचा नाही, माझाच.

नंतर बोर्डावरचा लाल दिवा. सोल्डरिंग आयर्नने त्याचा रेझिस्टर उचलला तशी आकड्यात आणखी दोनाची घट झाली. एका दिव्याचे दोन मिलीअँप! ज्या हिशेबात वायफायसकट सगळ्या उपकरणाची सरासरी अर्ध्या मिलीअँपच्या आत होती, त्यात फक्त ‘मी चालू आहे’ एवढं सांगायला हा दिवा त्याच्या चौपट घेत होता.

उरले पावणेनऊ. त्यातला एक मिलीअँप बूस्टरचा; तो नुसता, काही न जोडता मोजला तरी तेवढाच खातो. यूएसबीसाठी असलेल्या सीपी२१०२ चिपचा वाटा किरकोळ. बाकी सगळा रेग्युलेटरचा.

गोम इथे होती. स्वस्त बोर्डांवर सर्रास दिसणारा एएमएस१११७ हा रेग्युलेटर जुन्या वळणाचा आहे. दणकट, एक अँपपर्यंत देणारा, चुका पोटात घालणारा. पण पुढे काही जोडलेलं नसतानाही तो स्वतःसाठी सुमारे ५ मिलीअँप घेतो. त्याच्या डेटाशीटमध्ये हा आकडा स्पष्ट छापलेला आहे. मी चिपचं डेटाशीट रात्र-रात्र वाचलं होतं, तिच्या शेजारी बसलेल्या तीन पायांच्या या गृहस्थाचं उघडूनही पाहिलं नव्हतं.

त्याचा दुसरा गुण त्याहून अडचणीचा. आत येणारा व्होल्टेज बाहेर जाणाऱ्यापेक्षा एक व्होल्टाहून थोडा जास्त असल्याशिवाय तो नीट काम करत नाही. म्हणजे ३.३ हवे असतील तर ४.४ तरी द्या. लिथियम सेल पूर्ण भरलेला असतानाही ४.२ वर असतो. म्हणूनच तर बूस्टर लागला होता. एका रेग्युलेटरपायी बूस्टर आला, बूस्टरपायी बाकी सगळ्यांची भूक दीडपट झाली.

बूस्टर काढून पाहिला, तर

मोह आवरला नाही. बूस्टर काढला आणि सेल सरळ विन पिनला जोडला. बोर्ड उठला, वायफाय शोधायला लागला आणि कोसळला. पुन्हा उठला, पुन्हा कोसळला. पावणेचारातून एक गेला की चिपला उरतात पावणेतीनच्या आसपास. शांत असताना तेवढ्यावर ती कशीबशी तग धरते, पण रेडिओ पाठवायला लागला की क्षणभर तीनशे मिलीअँपच्या वर झटका बसतो आणि व्होल्टेज आणखी आपटतो. अशा कोसळण्याच्या चक्रात बोर्ड कधी झोपतच नाही, त्यामुळे सेल आधीपेक्षाही लवकर आटतो.

कोसळताना चिप सिरियल पोर्टवर काहीतरी बरळत असते आणि ते नेहमीच्या वेगावर कचऱ्यासारखं दिसतं. तो कचरा नसतो. ईएसपी८२६६ सुरू होतानाचे संदेश ७४८८० या विचित्र वेगाने पाठवते, कारण तिच्या बाजूला तिला ठोके देणारं २६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल असतं. संगणकावरचा सिरियल मॉनिटर त्या वेगावर ठेवला की रीसेटचं कारण वाचता येतं.

नुसतं मॉड्यूल

मग ठरवलं, बोर्डच नको. बोर्डावर पत्र्याच्या टोपीखाली जे मॉड्यूल असतं, ईएसपी-१२एफ, तेवढंच घ्यायचं. ना यूएसबी, ना दिवा, ना रेग्युलेटर.

यात सुरुवातीचा त्रास भरपूर. त्याच्या कडेच्या पायांमधलं अंतर २ मिलीमीटर, सोल्डर न करता तारा खोचायच्या ब्रेडबोर्डाचं २.५४, त्यामुळे ते सरळ बसतच नाही. मधे पांढरी जोडपट्टी लागते. एनेबल पिन १० किलोओहमने वर ओढायची, जीपीआयओ१५ तशाच रेझिस्टरने खाली, जीपीआयओ० आणि २ सुरू होताना वर. यातली एक जरी चुकली तर मॉड्यूल मुकं. प्रोग्रॅम चढवताना जीपीआयओ० खाली धरायची आणि यूएसबीचं वेगळं अडॅप्टर लावायचं. त्या अडॅप्टरच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून मॉड्यूलला वीज द्यायची नाही, कारण एफटी२३२ सारख्या चिपची ती पिन जेमतेम ५० मिलीअँप देते. मी दिली. अर्धा दिवस मॉड्यूल खराब समजून बसलो.

विजेसाठी रेग्युलेटर निवडताना एमसीपी१७०० डोळ्यांत भरला होता. स्वतःची भूक १.६ मायक्रोअँप. पण तो २५० मिलीअँपपर्यंतच देतो आणि रेडिओचे झटके त्याच्या वर जातात. थोडी वीज साठवून ठेवणारा मोठा कपॅसिटर लावून झटके झेलता येतात, बरेच जण तसं करतात आणि ते चालतं. मी मात्र दुसरी वाट धरली: लिथियम-आयन सोडून लिथियम आयर्न फॉस्फेट सेल. हा ३.२ व्होल्टांचा. चार्जरवर ३.६ पर्यंत जातो, काढल्यावर थोड्याच वेळात ३.३-३.४ वर स्थिरावतो. ईएसपी८२६६ ची कमाल मर्यादा ३.६. म्हणजे मधे रेग्युलेटरच नको! सेल सरळ मॉड्यूलला, शेजारी ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर झटक्यांसाठी. तोटा असा की त्याच मापात क्षमता कमी, माझा १५०० मिलीअँप-तासांचा. आणि चार्जर वेगळा लागतो. लिथियम-आयनसाठीचा टीपी४०५६ ४.२ व्होल्टांपर्यंत भरत राहतो, तो या सेलला लावायचा नाही.

आता झोपेतला प्रवाह मोजायचा, तर मीटरच आडवा आला. मायक्रोअँपच्या रेंजवर मीटरच्या आत बहुधा शंभरेक ओहमचा रोध असतो. वीस मायक्रोअँपला तो जाणवतही नाही, पण जागं होताना ८० मिलीअँप त्यातून ओढायचे म्हटलं तर ८ व्होल्ट त्याच्यावरच पडायला हवेत. सेलच तीनचा. साहजिकच मॉड्यूल उठतच नव्हतं आणि मी पुन्हा तारा तपासत होतो. उपाय अगदी बाळबोध निघाला: मीटरच्या दोन्ही टोकांवर एक क्लिपवाली तार आडवी टाकायची, मॉड्यूल उठून-काम-करून झोपेपर्यंत थांबायचं, मग तार काढायची आणि ते पुन्हा जागं होण्याआधी आकडा वाचायचा.

आकडा आला २४ मायक्रोअँप. त्या संध्याकाळी मी तो तीन वेळा मोजला, गरज नसताना.

आगीतून फुफाट्यात

झोप जिंकलो आणि ओलावा हरलो. नव्या जोडणीतून येणारा प्रत्येक आकडा १०२४, म्हणजे सगळ्यात वरचा. कोरडी माती, ओली माती, पाण्याचा पेला, सगळं १०२४.

जुन्या बोर्डावर हीच पट्टी कोरड्यात ८०० च्या आसपास आणि ओल्यात ४०० च्या आसपास दाखवायची. मॉड्यूल जळलं, असा पहिला अंदाज. पण कारण वेगळं होतं. ईएसपी८२६६ ची अ‍ॅनालॉग पिन, म्हणजे व्होल्टेज मोजणारी पिन, मुळात ० ते १ व्होल्टच मोजते. बोर्ड बनवणारे लोक तिच्या आधी २२० आणि १०० किलोओहमची जोडी लावतात, त्यामुळे बोर्डावरची ए० पिन ३.२ व्होल्टांपर्यंत मोजते. बोर्ड फेकताना मी ती जोडीही फेकली होती. पट्टीतून सव्वा ते अडीच व्होल्ट येतात, म्हणजे चिपच्या दृष्टीने कायम ‘भरपूर’. नशीब, पिन शाबूत राहिली. त्याच किमतीचे दोन रेझिस्टर लावले आणि आकडे परत आले.

रेग्युलेटर आणि दिव्यावर मी जी आगपाखड केली, तिचा थोडा हिस्सा इथे मागे घ्यावा लागला. बोर्ड म्हणजे चिपभोवती जमवलेला फापटपसारा नव्हे. त्यावरच्या काही वस्तू आपल्याला न सांगता आपलं काम करत असतात आणि त्या गेल्यावरच त्यांची आठवण होते.

पट्ट्यांचं निराळंच नाटक

हे होईतो मी पाच कुंड्यांसाठी पाच पट्ट्या आणल्या होत्या. कपॅसिटिव्ह प्रकारच्या, म्हणजे मातीत उघडा धातू नाही आणि गंज नाही. दिसायला पाची सारख्या, छपाईही एकच. वागणूक तीन प्रकारची.

भिंग घेऊन बसलो. तिघींवर टीएलसी५५५ ही टायमर चिप होती, दोघींवर एनई५५५. नावात फक्त सुरुवातीच्या अक्षरांचा फरक, पण टीएलसी५५५ दोन व्होल्टांवरही चालते आणि एनई५५५ ला किमान साडेचार लागतात. ३.३ व्होल्टांवर ती चालल्याचं सोंग करते, आकडेही देते, पण सेल जरा उतरला की आकडे भरकटतात. त्या दोन पट्ट्या बाजूला ठेवल्या. ५ व्होल्टांच्या एखाद्या कामाला येतील.

उरलेल्या तिघींपैकी एकीचा दोष आणखी मजेशीर. तिच्यावरचा एक मेगाओहमचा रेझिस्टर छपाईतच जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडायचा राहिला होता. हा रेझिस्टर पट्टीच्या बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजला खाली यायला वाट देतो. ती वाट नसेल तर पट्टी पाण्यात बुडवल्यावर आकडा खाली यायला मिनिटांमागून मिनिटं घेतो. माझ्याकडे मात्र ती सुरुवातीपासून ठीक वागत होती, कारण २२० आणि १०० किलोओहमची ती जोडी आपसूक खालची वाट पुरवत होती! हीच पट्टी नंतर एका ईएसपी३२ बोर्डाला लावली. त्यावर अशी जोडी नसते, त्यामुळे पट्टी गोगलगाय झाली. मागच्या बाजूने त्या रेझिस्टरचं टोक ग्राउंडला एका बारीक तारेने जोडलं आणि ती ताळ्यावर आली.

कपॅसिटिव्ह पट्ट्यांच्या कापलेल्या कडा उघड्या असतात, त्यांतून छापील फळीत पाणी शिरतं. कडांना नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत. एवढं पुरतं.

पट्टीची वीज आता जीपीआयओ१४ वरून जाते. ही पिन १२ मिलीअँपपर्यंत देऊ शकते आणि पट्टीला लागतात पाच. उठल्यावर पिन वर, पाव-अर्धा सेकंद थांबायचं, मोजायचं, पिन खाली, आणि मगच वायफाय चालू. मोजणी वायफायच्या आधी करण्याचा फायदा असा की रेडिओच्या झटक्यांची थरथर आकड्यात उतरत नाही.

पाच सेकंदांचा एक सेकंद

झोपेची गळती थांबल्यावर जागेपण डोळ्यांत खुपू लागलं. पाच सेकंदांतली बहुतेक वेळ नेटवर्क शोधण्यात आणि राउटरकडून पत्ता मिळवण्यात जात होती. दर वेळी तेच घर, तोच राउटर, तरी बोर्ड अनोळखी पाहुण्यासारखा दारं ठोठावत फिरायचा. त्याला पत्ता कायमचा नेमून दिला, राउटरचा चॅनेल आणि ओळख-क्रमांक चिपच्या आरटीसी मेमरीत ठेवले. ही मेमरी गाढ झोपेतही शाबूत राहते, प्रोग्रॅमला त्यातले ५१२ बाइट वापरता येतात. फेरी सव्वा सेकंदावर आली. कधी राउटरने चॅनेल बदललाच तर जुन्या पद्धतीने शोधायचं, अशी पळवाट ठेवली आहे.

आणि पंधरा मिनिटांची अर्धा तास केली. कुंडीतली माती पंधरा मिनिटांत वाळत नाही, हे कळायला डेटाशीट लागत नाही.

नवा हिशेब: सव्वा सेकंद गुणिले ८०, म्हणजे १०० मिलीअँप-सेकंद, भागिले १८००, म्हणजे सरासरी ०.०५६ मिलीअँप. झोपेचे ०.०२४. एकूण ०.०८. पंधराशेला त्याने भागलं की कागदावर दोन वर्षांहून जास्त येतात. सेल स्वतःहूनही थोडा झिरपतो, त्यामुळे मी दीड वर्ष धरतो. या खेपेला तरी हिशेब आहे त्याच उपकरणाचा आहे.

दुसरा कुठला बोर्ड घेतला असता तर

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला, म्हणून थोडं थांबतो.

आर्डुइनो नॅनोच्या नकला घेतल्या असत्या तर? त्यावरची एटीमेगा३२८पी चिप झोपेच्या बाबतीत ईएसपी८२६६ पेक्षा कितीतरी सरस आहे. पण नॅनोवरही दिवा आहे, यूएसबीची चिप आहे, रेग्युलेटर आहे. चिपची झोप तिथेही बोर्डाच्या गोंगाटात हरवते. प्रो मिनी या जुन्या बोर्डाला बॅटरीवाले लोक अजून का धरून आहेत, याचं उत्तर यातच आहे: त्यावर यूएसबीची चिपच नाही, आणि ३.३ व्होल्ट-८ मेगाहर्ट्झचा प्रकार घेऊन दिवा आणि रेग्युलेटर उचलले की उरते जवळजवळ नुसती चिप. पण त्याला वायफाय नाही.

रास्पबेरी पाय पिको, जानेवारी २०२१ चा, दोन कोर आणि २६४ किलोबाइट मेमरीचा, माझा आवडता बोर्ड आहे. त्यावरचा रेग्युलेटर १.८ ते ५.५ व्होल्टांपर्यंत काहीही गिळतो, म्हणजे लिथियम सेल सरळ लावा. पण त्याच्या गाढ झोपेचा अधिकृत आकडाच ०.८ मिलीअँपच्या आसपास आहे. मोटार चालवायला, दिवे नाचवायला, ध्वनी खेळवायला बहारदार. कुंडीत वर्षभर पडून राहायला नाही.

ईएसपी३२-सी३ ची चिप ५ मायक्रोअँपवर झोपते. आज नव्याने सुरुवात करायची तर मी तीच चिप घेईन, पण बोर्ड निवडताना आधी रेग्युलेटरवरची अक्षरं वाचीन, नंतर दिवा पाहीन आणि चिपचं नाव सगळ्यात शेवटी.

मित्राचा तासाभराचा उद्योग

माझं हे सगळं चालू असताना एका मित्राने तेच उपकरण बनवलं. त्याला माझी कथा माहीत होती, त्यातून त्याने नेमकी एक ओळ उचलली.

त्याने डी१ मिनी घेतला. चिप तीच ईएसपी८२६६, पण त्यावरचा रेग्युलेटर एमई६२११. हा स्वतःसाठी सुमारे ४० मायक्रोअँप घेतो, आणि आतल्या-बाहेरच्या व्होल्टेजमध्ये त्याला एक व्होल्टाची नव्हे, थोड्या मिलीव्होल्टांची तफावत पुरते. म्हणून त्याने साधा लिथियम-आयन सेल, संरक्षण-सर्किटमधून, सरळ ५ व्होल्टच्या पिनला लावला. बूस्टर नाही. पट्टीची वीज जीपीआयओवर. डी० आणि रीसेटमध्ये तार. प्रोग्रॅम माझाच. ए० पिनवरची रेझिस्टरांची जोडी बोर्डावर होतीच, त्यामुळे १०२४ चा फटका त्याला बसलाच नाही.

मी मीटर घेऊन त्याच्याकडे गेलो. झोपेत ०.१५ मिलीअँप. माझ्या सहापट.

“बघ,” मी म्हटलं, “अजून यूएसबीची चिप काढलीस तर...”

“कशाला रे? सरासरी किती झाली?”

०.१५ आणि जागेपणाचे ०.०५६, म्हणजे ०.२१. त्याचा सेल २५०० चा. कागदावर पावणेपाचशे दिवसांहून जास्त, म्हणजे सव्वा वर्षाच्या पुढे. रेग्युलेटर बदलला, बूस्टर गेला आणि पट्टीला झोपायला लावलं, तेवढ्यानेच ९९ टक्के काम झालं होतं. उरलेल्या एका टक्क्यासाठी मी पांढरी जोडपट्टी, वेगळा सेल, वेगळा चार्जर आणि तीन रविवार खर्चले होते.

माझ्या मॉड्यूलला आता सात महिने झाले. सेल किती उरला आहे ते मात्र व्होल्टेजवरून ओळखता येत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचा व्होल्टेज शेवटापर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. शिवाय ईएसपी८२६६ ला स्वतःचा पुरवठा मोजायचा असेल तर अ‍ॅनालॉग पिन मोकळी ठेवावी लागते, माझी तर पट्टीने अडवलेली. म्हणून मी संगणकावर फक्त फेऱ्या मोजतो. सध्या दहा हजारांच्या वर गेल्या आहेत.

मधल्या काळात मित्राने प्रोग्रॅम चार वेळा बदलला, दर वेळी डबीचं झाकण उघडून यूएसबीची केबल खोचून. माझ्यात अजून पहिलाच प्रोग्रॅम आहे. तो बदलायचा तर चार स्क्रू, जीपीआयओ० ला तार आणि ते अडॅप्टर, जे मी कुठल्या तरी खणात नीट जपून ठेवलं आहे.